गांजा, कायदा आणि रोकड

तुरीच्या पिकात गांजाची झाडे सापडली, अशी बातमी अधूनमधून वाचावयास मिळते. १९८५ च्या कायद्यानुसार या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. इंग्रजी अमदानीत मात्र अहमदनगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत असे. १८९३-९४ च्या आयोगानेही सरसकट बंदीऐवजी कर व परवाना हाच मार्ग सुचविला होता.

मग परवाना दिला की गुन्हेगारी संपेल काय? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची दुकाने उघडली. परंतु तेथील केंद्राच्या कायद्यात बंदी कायमच राहिली. साहजिकच बहुतेक बँकांनी या दुकानांची खाती नाकारली. पगार, भाडे, इतकेच काय पण सरकारचा करही अनेकांनी रोकडीने भरला. रोकड तेथे चोर! दुकानांवर बंदूकधारी पहारेकरी आले. आडतीवरून पट्टीचे पैसे कमरेला बांधून गावी परतणाऱ्या शेतकऱ्याला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही.

तात्पर्य, निव्वळ बंदीत झाडे लावणारा सापडतो, रोकड मोजणारा दूर राहतो. अर्धवट परवान्यात दुकानदार चोरांच्या तोंडी जातो. म्हणून बंदी की परवाना, या वादाआधी पैशाची वाट कोणती, हे ठरले पाहिजे.