अठराव्या वर्षी कोणी कोणाला हाकलत नाही

सेलू-जिंतूरकडच्या कुठल्याही लग्नमंडपात संस्कृतीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच: "अमेरिकेत पोरगं अठराचं झालं की घराबाहेर काढतेत, अन् म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतेत." शाळेच्या स्नेहसंमेलनातले पाहुणेही तेच सांगतात. ऐकून कान किटले.

आधी अठराचं बघू. तिथल्या बहुतेक राज्यांत अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. आपल्याकडेही होतो, 1875च्या कायद्यापासून. सज्ञान झाला म्हणून हाकलला, हे कुठून आलं? 'प्यू रिसर्च सेंटर'च्या अहवालानुसार फेब्रुवारी 2020मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधी, 18 ते 29 वयाचे 47 टक्के अमेरिकी आई-वडिलांकडेच राहत होते. त्यात वसतिगृहातले विद्यार्थी घरचेच धरलेत, हे खरं. पण मग आपला हिशेब काय? परभणीचं पोरगं दहावी झाली की 'नीट'च्या तयारीला लातूरला खोली करून राहतं, पुढे पुण्याला जातं. सोळाव्या वर्षी घर सुटतं. त्याला आपण 'शिकायला ठेवलंय' म्हणतो. तिकडचं पोरगं कॉलेजला गेलं की मात्र 'हाकललं'!

आता म्हातारे. 2020च्या जनगणनेत तिथे पासष्टी ओलांडलेले साडेपाच कोटींवर लोक होते. नर्सिंग होम आणि तशा इतर निवासांत राहणारे त्यातले शंभरी पाचही भरत नाहीत. बाकीचे आपापल्या घरी किंवा मुलांकडे राहतात. शिवाय तिथल्या ज्येष्ठांच्या 'एएआरपी' या संस्थेच्या 2020च्या अहवालाप्रमाणे जवळपास 4.8 कोटी अमेरिकी आपल्या माणसांची, अनेकदा आई-वडिलांचीच, बिनपगारी देखभाल करत होते. अनेक पिढ्या एकत्र राहणाऱ्यांचं प्रमाण 1971मध्ये 7 टक्के होतं, ते 2021मध्ये 18 टक्क्यांवर गेलं. घरभाडी परवडेनात, हेही त्याचं एक कारण. संस्कारांनी जमतं ते भाड्यानंही जमतं, असं दिसतं.

आणि आपण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली निम्म्याहून जास्त कुटुंबं विभक्त आहेत. आई-वडिलांना पोटगी मिळावी म्हणून 2007 साली आपल्याला कायदा करावा लागला. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांतसाहेबांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. आई-बापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिने कैदेचीही तरतूद आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या ऊसतोड कुटुंबांचं तर विचारूच नका. दसरा-दिवाळी झाली की कर्ती माणसं कारखान्यांकडे निघतात आणि मागे घर धरून बसतात म्हातारी माणसं. ही मुलं निर्दयी नाहीत. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते.

फरक आहेच, पण तो मायेचा नाही, व्यवस्थेचा आहे. तिथे काम केलेल्या बहुतेकांना म्हातारपणी सोशल सिक्युरिटीचे पैसे मिळतात, पासष्टीपासून मेडिकेअरचा विमा मिळतो. त्यामुळे वेगळं राहणं परवडतं आणि अनेकांना तेच हवं असतं. आमच्या शेतमजुराला मुलाशिवाय पोटापुरती दुसरी पेन्शन नाही, म्हणून तो मुलाजवळ राहतो.

किरकोळ गैरसमजही उरकून टाकू. तिकडे घटस्फोट वाढतच चाललेत? वर्षाला हजारी 4 होते (2000), ते 2.4वर आले (2022). तिकडे देवधर्म नाही? दहापैकी सहा लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. मुलगा तिकडे गेला की आई-वडिलांना कायमचं नेताच येत नाही? मुलगा अमेरिकेचा नागरिक आणि एकवीस वर्षांचा असला की त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतो. फक्त मेडिकेअरसाठी त्यांना तिथे सलग पाच वर्षं काढावी लागतात, आणि त्यानंतरही पूर्ण हप्ता खिशातून भरावा लागतो.