गोटी, पन्हळ आणि एका क्षणाचा वेग

नववीत गतीची तीन समीकरणे पाठ होतात. अकरावी-बारावीत विकलन आणि संकलन येते, म्हणजे कॉलेजातले डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. एक विज्ञानाच्या तासाला शिकवतात, दुसरे गणिताच्या, आणि दोन्हींचे नाते सांगायचे राहून जाते. ते नाते एक गोटी आणि दोन मीटरची पन्हळ घेऊन घरी पाहता येते. त्यासाठी आपल्याला कलनशास्त्र आधी यायला हवे असे नाही, गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी उतार कशाला, ते पाहू. टेबलावरून सोडलेली गोटी ०.४ सेकंदात जमिनीवर पोचते. एवढ्या वेळात मोजणार काय? चारशे वर्षांपूर्वी इटलीत गॅलिलिओपुढे हीच अडचण होती. त्याने पडणे सोडून घरंगळणे मोजले. लाकडाच्या लांब पट्टीत खोबण कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावले आणि तिच्यातून ब्राँझचा गोळा सोडला. काळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी पेल्यात धरले आणि ते तोलले. १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन इथे छापलेल्या पुस्तकात त्याने हे वर्णन केले आहे. तेव्हा तो स्वतः इटलीत नजरकैदेत होता.

आपण हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा एक इंची अँगल दोन मीटर कापून घ्यावा. त्याची धार खाली आणि दोन्ही पाती वर उघडी, अशी पन्हळ करावी. दोन्ही बाजूंनी पुस्तकांचा आधार द्यावा आणि एक टोक सुमारे साडेसात सेंटीमीटर उंच करावे. पन्हळीलगत मोजपट्टी चिकटवावी.

इथेच पहिली चूक होते. दोन मीटरचा अँगल मधे किंचित झोळतो. मग उतार वरच्या अर्ध्यात जास्त आणि खालच्या अर्ध्यात कमी होतो, आणि सगळे आकडे बिघडतात. म्हणून मधे एक-दोन ठिकाणी टेकू द्यावा आणि दोरी ताणून पन्हळ सरळ आहे ना ते पाहावे.

आता गोटी सोडायची. बोटांनी सोडली की नकळत ढकलली जाते. तिच्यापुढे फूटपट्टी आडवी धरावी आणि ती उताराच्या दिशेने झटकन काढून घ्यावी. मोबाइल पन्हळीसमोर स्थिर ठेवून सगळ्याचे व्हिडिओ चित्रण करावे. कॅमेरा कडेला असला तर मोजपट्टीवरचा आकडा तिरका वाचला जातो, तेव्हा तो शक्यतो मधोमध आणि जरा लांब असावा. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत दर सेकंदाला गोटी कुठे होती ते वहीत लिहावे.

आकडे साधारण असे येतात. हिशेबाला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात देतो. ० सेकंदाला ०, १ सेकंदाला १० सेंटीमीटर, २ ला ४०, ३ ला ९० आणि ४ ला १६०.

आता लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करावी: १०, ३०, ५०, ७०. म्हणजे १, ३, ५, ७ या विषम संख्यांचे प्रमाण. गॅलिलिओला हेच दिसले. काळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. आपल्या पन्हळीसाठी नियम असा: अंतर = १० × काळाचा वर्ग.

आपल्याला विषम संख्या मिळाल्या नाहीत तरी वही मिटू नये. बहुतेक वेळा शून्य सेकंद चुकीच्या चित्रापासून धरलेला असतो. समजा आपण अर्धा सेकंद उशिरा मोजायला लागलो. तेव्हा गोटी २.५ वर असते, मग २२.५, ६२.५ आणि १२२.५ वर. फरक येतात २०, ४०, ६०. विषम संख्या गेल्या, पण या फरकांतला फरक पाहा: तो २० च आहे. मूळच्या १०, ३०, ५०, ७० मध्येही तो २० च होता. सुरुवात चुकली तरी हा आकडा ढळत नाही, म्हणून मी मुलांना विषम संख्यांपेक्षा यावर लक्ष ठेवायला सांगतो. पुढे आपल्याला तोच लागणार आहे.

आता खरा प्रश्न. बरोबर दुसऱ्या सेकंदाला गोटीचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. पण एका क्षणात काळही शून्य आणि अंतरही शून्य, मग भागायचे कशाला? हा गोंधळ मूर्खपणाचा नाही. युरोपातले गणितीसुद्धा त्यावर दीर्घकाळ वाद घालत होते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या क्षणीच्या गतीचा विचार केला आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

वाट अशी आहे: शून्याने भागायचे नाही, काळ लहान लहान करत जायचे. २ ते ३ सेकंदांत सरासरी वेग सेकंदाला ५० सेंटीमीटर. २ ते २.५ मध्ये ४५. २ ते २.१ मध्ये ४१. २ ते २.०१ मध्ये ४०.१. मागच्या बाजूनेही पाहावे: १.९ ते २ मध्ये ३९. दोन्हीकडून आकडे ४० कडे सरकतात. हा ४० म्हणजे दुसऱ्या सेकंदाचा वेग. असा आकडा काढण्याच्या रीतीला विकलन म्हणतात.

बीजगणिताने हेच एका ओळीत होते. २ सेकंदांनंतर थोडा जादा काळ गेला असे धरले, तर त्या जादा काळातला सरासरी वेग ४० + (१० × जादा काळ) इतका येतो. आधी भागाकार पुरता केला, मग जादा काळ शून्याकडे नेला. हा क्रम उलटा केला की शून्य भागिले शून्य होते, आणि मुले अडतात ती नेमकी इथे.

काळ कितीही लहान करणे कागदावर चालते, व्हिडिओवर नाही. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो. लागोपाठच्या दोन चित्रांत आपली गोटी दुसऱ्या सेकंदाजवळ जेमतेम १.३ सेंटीमीटर सरकते. दोन्ही वाचनांत दोन-दोन मिलिमीटरची चूक झाली, तर वेगात ३० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून मोजलेल्या आकड्यांवर दोन्ही बाजूंनी सारखे अंतर ठेवावे: १ ते ३ सेकंदांत गोटी ८० सेंटीमीटर गेली, काळ २ सेकंद, वेग ४०. त्वरण एकसारखे असेल तर ही रीत अगदी नेमके उत्तर देते.

त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. प्रत्येक सेकंदाला वेग काढला तर ०, २०, ४०, ६०, ८० असे आकडे येतात. दर सेकंदाला वेग २० ने वाढतो. मघाचा न ढळणारा २० तो हाच.

इथे एक गैरसमज फार पक्का असतो: वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य. तो शब्दांनी जात नाही, करून दाखवावे लागते. गोटी खालच्या टोकाकडून वर ढकलावी. ती वर जाते, क्षणभर थांबते, परत येते. त्याचेही आकडे मांडावेत. वर जाताना, थांबताना आणि परतताना वेगातला बदल जवळपास तोच, उताराच्या दिशेने सेकंदाला २० चा. थांबलेल्या क्षणी त्वरण शून्य असते तर गोटी तिथेच राहिली असती.

आता उलट जाऊ. फक्त वेगाचे आकडे आहेत, अंतर काढायचे आहे. पहिल्या चार सेकंदांत प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीचा वेग धरला तर ० + २० + ४० + ६० = १२०. शेवटचा वेग धरला तर २०० होतात. खरे उत्तर या दोहोंच्या मधे. अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तुकडे घेतले की १४० आणि १८०. तुकडे जितके बारीक, तितके दोन्ही आकडे १६० ला भिडतात. आलेखावर हे वेगाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ आहे: त्रिकोण, पाया ४, उंची ८०. यालाच संकलन म्हणतात. परीक्षेत शेवटी मिळवायचा जो स्थिरांक मुले विसरतात, तो म्हणजे गोटी मोजपट्टीवर मुळात कुठून निघाली तो आकडा. ती १५ पासून निघाली असेल तर १५ मिळवायलाच हवेत.

शेवटची पायरी न्यूटनच्या नियमांची आणि सर्वांत निराश करणारी. गुरुत्वत्वरण सेकंदाला सेकंदाला ९८० सेंटीमीटर. २०० ला ७.५ हा आपला उतार. गुणाकार केला तर त्वरण सुमारे ३७ यायला हवे. आपले आले २०. मुले म्हणतात, घर्षणाने खाल्ले. घर्षण थोडे खाते, पण इतके नाही. गोटी नुसती सरकत नाही, फिरतेही. गुरुत्वाकर्षणाने दिलेल्या ऊर्जेचा एक भाग फिरण्यात जातो. सपाट फळीवर भरीव गोळ्याला घसरणीच्या ५/७ पट त्वरण मिळते. काटकोनी पन्हळीत गोटी दोन्ही पात्यांना टेकते, तेवढेच अंतर जायला तिला जास्त फिरावे लागते, आणि त्वरण ५/९ पटीवर येते. ३७ चे ५/९ म्हणजे वीसच्या थोडे वर. विषम संख्यांचे प्रमाण मात्र या गुणकाने बदलत नाही.

याची खात्री करून घ्यावी. काचेची गोटी आणि बेअरिंगमधली पोलादी गोळी वेगवेगळ्या सोडाव्यात; वजनात मोठा फरक असूनही काळ जवळपास तोच लागतो. मग टेबल टेनिसचा चेंडू सोडावा. तो पोकळ आहे, त्याचे सगळे वस्तुमान कडेला आहे, म्हणून फिरण्यात जास्त ऊर्जा जाते आणि गुणक ३/७ वर येतो. १६० सेंटीमीटर जायला त्याला गोटीपेक्षा अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त काळ लागतो.

घरात नववी ते बारावीचे कुणी असेल, तर सोडणे, मोजणे आणि वजाबाक्या सगळे त्यांच्याच हाताने होऊ द्यावे. आपण फक्त पन्हळ झोळत नाही ना एवढे पाहावे, आणि आकडे वहीत उतरेपर्यंत सूत्र सांगू नये.