ऐकले ते परत म्हणा

विमान इंजिनाच्या जोरावर उडते, हे आपण सारे जाणतो. पण जागेवरून हलण्याआधी ते थोड्या शब्दांवर अवलंबून असते, हे सहसा ध्यानात येत नाही. मुंबई विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास उड्डाणे आणि उतरणी होतात. निघणाऱ्या प्रत्येक विमानाला आधी नियंत्रण कक्षाकडून मार्गाची परवानगी घ्यावी लागते. वैमानिक तिला 'क्लिअरन्स' म्हणतात. जायचे कुठे, उडाल्यावर कोणत्या ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचे, सुरुवातीला किती फुटांपर्यंतच चढायचे, पुढे कोणत्या रेडिओ लहरीवर बोलायचे आणि रडारवर ओळख पटावी म्हणून कोणता चार आकडी संकेतांक लावायचा, एवढे सगळे त्यात येते.

वैमानिक हे लिहून घेतो आणि लगेच परत म्हणून दाखवतो. नियंत्रक ते ऐकतो आणि चुकले असेल तर दुरुस्त करतो. लहानपणी आम्ही मौलवीसाहेबांना सबक ऐकवायचो आणि शाळेत गुरुजींना पाढे. पद्धत तीच आहे, फक्त इथे चुकीची शिक्षा छडीवर भागत नाही. आता अनेक विमानतळांवर ही परवानगी लेखी संदेशानेही मिळते. त्यामुळे कानाची चूक टळते, वाचणाऱ्याची मात्र टळत नाही.

मग चूक होते कुठे? बऱ्याचदा सवयीत. नेहमीचा मार्ग वैमानिकांनी आधीच संगणकात भरून ठेवलेला असतो. ऐनवेळी नियंत्रक वाट बदलतो किंवा उंची बदलतो. कान मात्र मनाला जे अपेक्षित आहे तेच ऐकतो. कधी नवी परवानगी बरोबर म्हणून दाखवली जाते, पण संगणकात जुनीच राहते. विमान बिचारे आज्ञाधारक, ते जुन्याच वाटेने वळते. कधी वैमानिक चुकीचे म्हणतो आणि कामाच्या गर्दीत नियंत्रकाच्याही ते लक्षात येत नाही. शिवाय एकाच विमानतळावरच्या दोन वाटांची नावे एखाद्या अक्षराच्या किंवा आकड्याच्या फरकाने वेगळी असतात.

नावांचा हा घोळ आम्हा वरसावेकरांना नवा नाही. घोडबंदरजवळचे आमचे गाव वरसावे आणि अंधेरीचा कोळीवाडा वेसावे. इंग्रजीत मात्र दोघांचेही 'वर्सोवा' होते. वसईच्या खाडीवरच्या आमच्या पुलालाही इंग्रजी वर्तमानपत्रे 'वर्सोवा ब्रिज'च म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे निघालेला पाहुणा कधीकधी अंधेरीच्या समुद्रकाठी पोहोचतो. तो रिक्षा करून परत येऊ शकतो. आकाशात तशी सोय नसते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुके होते. केएलएमचे जंबो जेट धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अ‍ॅमचे जंबो त्याच धावपट्टीवरून सरकत होते. केएलएमला मार्गाची परवानगी मिळाली. त्या वाक्यात 'उड्डाणानंतर उजवीकडे वळा' असा उल्लेख होता. मार्ग कोणता एवढेच नियंत्रकाने सांगितले होते, निघा असे सांगितले नव्हते. सहवैमानिक ते परत म्हणत असतानाच कॅप्टनने विमान सोडले. थांबा, असे नियंत्रक सांगत होता, पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचाही आवाज आला आणि कॉकपिटमध्ये ऐकू आली ती शिट्टीसारखी खरखर. ते विमान धावपट्टीवरून गेले का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर जगभर नियम झाला. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. उंचीचे आकडे सुटे सुटे सांगायचे आणि नऊला 'नायनर' म्हणायचे, म्हणजे 'फाइव्ह'शी गल्लत होत नाही, ही पद्धत मात्र आधीपासूनचीच.

नियम झाले तरी माणूस तोच राहिला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी विमान सांगितल्याप्रमाणे १४,००० फुटांवर होते. समोरून येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, पण ते खाली उतरले. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ ३४९ जण मृत्युमुखी पडले. ३० डिसेंबर २०२१ रोजी स्पाइसजेटचे विमान राजकोटहून उड्डाणाची परवानगी न घेताच दिल्लीकडे निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावर हैदराबादला जाणारे एअर इंडियाचे विमान धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवरच वेग घेऊ लागले. नियंत्रण कक्षाने वेळीच थांबवले. राजकोट आणि मोपा, दोन्हीकडे अनर्थ टळला.

मित्रहो, मी कवितेचा माणूस. एका शब्दाला दोन अर्थ फुटले की कवीला आनंद होतो. कॉकपिटमध्ये हाच गुण घातक ठरतो. तिथे शब्दाला एकच अर्थ हवा आणि तो बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात सारखाच हवा. परत म्हणून दाखवणे ही त्याचीच खातरजमा.

पण केवळ म्हणून दाखवणे पुरत नाही. शंका आली तर विचारावे लागते आणि विचारणाऱ्याचे ऐकावेही लागते. आपल्याकडे मोठ्यांना पुन्हा विचारणे उद्धटपणाचे मानतात. साहेब एकदा बोलले की संपले! म्हणूनच आता वैमानिकांच्या प्रशिक्षणात धाकट्याने बोलावे आणि थोरल्याने ऐकावे, हे मुद्दाम शिकवले जाते. टेनेरीफच्या धुक्यात शंका विचारली गेली होती. ती ऐकून घेतली असती, तर थोडा उशीर झाला असता, इतकेच.