जुन्या बेसिन-कट्ट्याला दगडाचा साज. पण आधी ओल तपासा

प्रतिनिधी

मुंबई-पुण्यातील पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सदनिकांमध्ये बाथरूममधील बेसिनचा कट्टा बहुधा कडप्प्याचा, पांढऱ्या संगमरवराचा, मोझेकचा किंवा प्लायवूडवर सनमायका चिकटवलेला असतो. साबणाचे पाणी, केसांचा रंग, नळाच्या बुडाशी साचणारे क्षार यांनी काही वर्षांतच त्याची रया जाते. तो फोडून नवा ग्रॅनाइट बसवायचा म्हटले, की बेसिन काढणे, नळजोडणी सोडवणे, भिंतीच्या टाइल्सना धक्का लागणे आणि राडारोडा जिन्यावरून खाली नेणे ही सारी यातायात आली. म्हणूनच आहे त्या कट्ट्यावर रंग आणि इपॉक्सीचा थर देऊन त्याला दगडासारखे रूप देण्याचा पर्याय अनेकांना खुणावतो. हा पर्याय उपयुक्त आहेच. मात्र तो मुलामा आहे, दुरुस्ती नव्हे. हा भेद विसरल्यास चकचकीत कट्ट्याखाली पाणी मुरत राहते आणि त्याचा पत्ता खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतावर लागतो.

दगडाचा आभास निर्माण करण्याची कला नवी नाही. इटलीत सतराव्या शतकात जिप्सम, सरस आणि रंग यांच्या मिश्रणातून संगमरवराचे हुबेहूब अनुकरण करणारी ‘स्काल्योला’ ही पद्धत बहरली. राजस्थानात चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा अकीक दगडाने घोटून आरशासारखा चमकवला जाई. तो ‘अराईश’ म्हणून ओळखला जातो. आज चुन्याची जागा रेझिनने घेतली असली, तरी थराखालची बैठक पक्की हवी, हा नियम बदललेला नाही.

आधी कट्टा ओळखा

कट्टा खऱ्या दगडाचा असेल, तर मुलाम्यापूर्वी पॉलिशचा विचार करावा. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या कुळातील दगड. शौचकूप साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण किंवा लिंबाचा रस पडला, की त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन तेथे निस्तेज पट्टे उमटतात. हा डाग नसून झीज असल्याने कितीही धुतले तरी ती जात नाही. घिसाई आणि घोटाई केल्यावर मात्र दगड पुन्हा उजळतो. मोझेकचेही तसेच. खोल खड्डे पडलेला दगड, उडालेल्या टवक्यांच्या टाइल्स आणि सुस्थितीतील सनमायका यांच्यासाठी मुलामा अधिक सयुक्तिक ठरतो.

ओलीची परीक्षा

नाण्याने कट्टा ठिकठिकाणी वाजवून पाहावा. पोकळ आवाज आला, तर तेथे दगड किंवा टाइल खालच्या थरापासून सुटली आहे, असे समजावे. त्यानंतर कट्टा कोरडा करून त्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतून बाष्प धरले, तर दगडात ओल आहे. अशा पृष्ठभागावरील थर कालांतराने फुगून सुटतो. कट्ट्याखाली हात घालून बेसिनचा सांधा आणि सांडपाण्याचा पाइपही चाचपावा. प्लायवूड फुगले असेल, तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

यात कायदेशीर बाजूही आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामायिक नळवाहिन्यांच्या गळतीची जबाबदारी संस्थेची असते. सदनिकेच्या आतील शौचालय, बेसिन आदींची गळती मात्र सभासदाला स्वखर्चाने थांबवावी लागते. त्यामुळे प्लंबरचे काम आधी, रंगाऱ्याचे नंतर, हाच क्रम ठेवावा.

काम कसे चालते?

प्रथम जुने सिलिकॉन खरवडून काढतात आणि साबणाचा मेणचट थर व तेलकटपणा पूर्णपणे धुतात. भेगांत इपॉक्सीची लांबी भरून ती वाळल्यावर पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरबरीत करतात. गुळगुळीत टाइल किंवा सनमायका तशीच ठेवल्यास वरचा थर पकड घेत नाही. दगड यंत्राने कोरडाच घासल्यास उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून घिसाई पाण्याने करावी आणि नंतर कट्टा पूर्ण सुकू द्यावा.

पुढे प्रायमर आणि पायाचा रंग. तो सुकल्यावर स्पंजने सावल्या आणि बारीक कुंचल्याने दगडाच्या शिरा रंगवतात. शिरा समांतर वा समान जाडीच्या असल्या, की नक्कल चटकन ओळखू येते. म्हणून खऱ्या संगमरवराचा तुकडा समोर ठेवणे श्रेयस्कर. अखेरीस रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक एकत्र करून पारदर्शक थर ओततात. हा थर साधारण तीन मिलिमीटर जाडीचा असतो. चार फूट बाय दोन फुटांच्या कट्ट्याला त्यासाठी सुमारे सव्वादोन लिटर मिश्रण लागते. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. ते वजनाचे आहे की मापाचे, हे नीट वाचावे. ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर जास्त घातल्यास थर कायमचा चिकट राहू शकतो.

हे काम ऐन पावसाळ्यात टाळावे. हवेतील दमटपणा ८५ टक्क्यांच्या पुढे गेला, की इपॉक्सीवर दुधी, तेलकट साय धरण्याचा धोका असतो. काम सुरू असताना खिडकी उघडी ठेवून हातमोजे वापरावेत. कच्च्या इपॉक्सीमुळे त्वचेला एकदा अॅलर्जी जडली, की ती सहसा कायम राहते. थर एका दिवसात स्पर्शाला कोरडा लागला, तरी पूर्ण कठीण होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. घरात दुसरे बाथरूम नसेल, तर ही गैरसोय आधीच गृहीत धरावी.

निगा आणि मर्यादा

इपॉक्सीला उष्णतेचे वावडे आहे. केस सरळ करण्याचे तापलेले उपकरण त्यावर ठेवल्यास ठसा उमटतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणातील अॅसिटोनने चमक जाते आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर पांढरा थर हळूहळू पिवळसर पडतो. सौम्य साबण आणि मऊ फडके एवढेच सफाईला पुरे. बेसिनच्या कडेचे सिलिकॉन मात्र दर वर्षी तपासावे, कारण पाणी शिरते ते बहुधा तेथूनच.

कारागीर नेमताना रंगांचे नमुने सारेच पाहतात. त्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘थर देण्यापूर्वी तुम्ही काय काय करणार?’ घासणे, भेगा भरणे आणि ओल तपासणे यांचा उल्लेखही न करता जो ‘उद्याच करून देतो’ म्हणेल, त्याला काम न देणेच शहाणपणाचे.