फाईल तिथेच आहे, पण सापडत नाही

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या कितीतरी पिढ्या सी भाषा शिकल्या त्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाईल' ही एरर त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ओळखीची. कोणीतरी टीसीचं फोल्डर सी ड्राइव्हऐवजी डी ड्राइव्हवर उतरवलेलं असायचं आणि ऑप्शन्स मेनूतल्या डिरेक्टरीजमध्ये जुनाच पत्ता राहिलेला असायचा. लॅब असिस्टंट येऊन एक अक्षर बदलायचे आणि प्रोग्रॅम धावू लागायचा. (एसटीडीआयओच्या जागी 'स्टुडिओ' लिहिणारे महाभागही असत, त्यांना मेनूचा उपयोग नव्हता.)

त्या एका अक्षरामागे काय चालतं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

इन्क्लूडची ओळ प्रत्यक्षात काय करते? चिकटवते, बस. हे काम प्रीप्रोसेसरचं. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी घडवत होते तेव्हा, 1972-73 च्या सुमारास, काही अंशी अॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे तो भाषेत आला. बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांत फाईल आत घेण्याची सोय आधीपासून होतीच. प्रीप्रोसेसरला व्याकरणाशी देणंघेणं नाही. त्या ओळीच्या जागी तो अख्खी फाईल आणून ओततो, त्या फाईलमध्ये आणखी इन्क्लूड असतील तर त्याही. लिनक्सवर पाच ओळींचा 'हॅलो वर्ल्ड' लिहा आणि जीसीसी या कंपायलरला 'मायनस कॅपिटल ई' देऊन चालवा. पडद्यावरून शेकडो ओळी सरकतात आणि आपलं 'मेन' पार तळाशी दिसतं. सी प्लस प्लसमध्ये आयओस्ट्रीम घेतलं तर ओळी हजारोंनी मोजायच्या.

पण ओतायची फाईल आणायची कुठून? संगणकावर एकाच नावाच्या चार फाईली असू शकतात. कंपायलर डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. तो वरून खाली जातो आणि त्या नावाची जी फाईल पहिली भेटेल ती घेतो. ती योग्य आहे का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. नाव अवतरणचिन्हात असेल तर ती ओळ ज्या फाईलमध्ये आहे तिचं फोल्डर सर्वांत आधी, कोनी कंसात असेल तर ते वगळून. मग 'मायनस कॅपिटल आय'ने दिलेली फोल्डरं, मग सिस्टिमची. इथे एक खोच आहे. या 'आय'पुढचा सापेक्ष पत्ता मोजला जातो तो कमांड जिथून दिली तिथून, सोर्स फाईल कुठे आहे याला महत्त्व नाही. म्हणून तोच प्रोजेक्ट एका टर्मिनलमध्ये बिल्ड होतो आणि शेजारच्यात अडतो.

अडलं की लोक अंदाजाने पाथ जोडत सुटतात. त्यापेक्षा कंपायलरलाच विचारावं. जीसीसीला 'मायनस व्ही' दिलं की तो सगळी यादी क्रमाने छापतो आणि अस्तित्वात नसलेली फोल्डरं 'इग्नोरिंग' म्हणून दाखवतो. एरवी ती तो गुपचूप गाळतो. 'मायनस कॅपिटल एच' दिलं तर कोणती फाईल नेमकी कुठून उचलली तेही कळतं, आणि ती किती खोल आहे ते टिंबांवरून.

दुसरा सापळा सीपाथचा, म्हणजे शोधायची फोल्डरं कंपायलरला सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. जुन्या किमतीपुढे कोलन देऊन नवं फोल्डर जोडायची सगळ्यांना सवय. पण जुनी किंमत रिकामीच असेल तर सुरुवातीला नुसता कोलन उरतो, आणि रिकामी जागा म्हणजे 'सध्याचं फोल्डर' असा जीसीसीचा नियम आहे. तिथे तुमची टाइम डॉट एच नावाची फाईल पडलेली असेल, तर सिस्टिमच्या फाईलऐवजी तीच आत जाते. मग एरर येते ती भलत्याच ठिकाणी.

माझं आवडतं कोडं मात्र 2016 च्या जीसीसी 6 चं. एसटीडीलिब डॉट एच ही फाईल /यूएसआर/इन्क्लूडमध्ये डोळ्यांसमोर असते. ते फोल्डर यादीतही असतं. तरी एरर येते की फाईल नाही! कारण, सी प्लस प्लसची सीएसटीडीलिब ही हेडर फाईल ती आणायला 'इन्क्लूड नेक्स्ट' वापरते: मी ज्या फोल्डरात सापडले, त्याच्या पुढच्या फोल्डरांतच शोध. एरवी /यूएसआर/इन्क्लूड यादीच्या शेवटी असल्याने सगळं जुळतं. पण कुणाच्या बिल्ड स्क्रिप्टने तेच फोल्डर 'आयसिस्टिम' या पर्यायाने पुन्हा दिलं, की ते सी प्लस प्लसच्या फोल्डरांच्या आधी जाऊन बसतं आणि खालची नोंद दुबार म्हणून पुसली जाते. आता 'पुढे' शोधायला ते उरतच नाही. साध्या 'आय'ने दिलं असतं तर हा क्रम बिघडू नये म्हणून जीसीसीने तिकडे काणाडोळा केला असता. अशा वेळी नवा पाथ जोडून काही होत नाही. स्क्रिप्टमधला तो पर्याय शोधून खोडायचा.