जुन्या मोटारीतला मुका रेडिओ

मोटारीतला रेडिओ बोलेनासा झाला की बहुतेकांना दोनच उपाय ठाऊक असतात. एक, डॅशबोर्डवर थाप मारायची. दुसरा, संच काढून टाकून नवा बसवायचा. थापेने रेडिओ कधी कधी बोलू लागतो, हे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच की कोठे तरी जोड सैल झाला आहे आणि पुढच्या खड्ड्याला तो पुन्हा मुका होणार. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलरस्त्यांवर पुढचा खड्डा काही फार लांब नसतो!

दुसरा उपाय खर्चाचा आहे, आणि पुष्कळदा अकारण खर्चाचा. मोटारीच्या रेडिओतले निम्म्याहून अधिक दुखणे संचात नसतेच, ते त्याच्या बाहेर असते, असे माझे मत आहे. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी.

संचाला तीन गोष्टी लागतात: वीज, जमीन आणि एरियल. वीज दोन तारांनी येते. पुष्कळशा संचांत पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली असते, तिच्यावर संचाची स्मरणशक्ती जगते. लाल तार किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते. ठरवलेली स्टेशने रोज विसरली जात असतील, तर पिवळ्या तारेचा फ्यूज आधी पाहावा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्याने रेडिओ चालतो, पण पुढे तार पेटते.

काळी तार म्हणजे जमीन, मिस्त्रीच्या भाषेत ‘अर्थ’. जुन्या फियाटमध्ये किंवा जीपमध्ये गाडीचा लोखंडी सांगाडा हीच वीज परतण्याची वाट असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्क्रूखाली गंज चढला की ही वाट अडते. मग संच चालू होतो, बंद होतो, आवाज वाढवला की गप्प बसतो. स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश कागदाने चकचकीत घासला, की कित्येक ‘बिघडलेले’ संच जागेवर बरे होतात.

सांगाडा लोखंडाचा नसेल तर? त्याचे चांगले उदाहरण गोव्याचे आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने तेथे ‘स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार काढली. तिची काया फायबरची. फायबर वीज वाहत नाही. तेव्हा अशा गाडीत काळी तार जवळच्या स्क्रूला गुंडाळून चालत नाही, ती खालच्या लोखंडी चौकटीपर्यंत न्यावी लागते. एरियलच्या बुडालाही तांब्याची पट्टी लावून ती चौकटीला जोडावी लागते, कारण एरियलला पायाखाली धातू हवा असतो. शिवाय लोखंडी बॉनेट इंजिनाच्या ठिणग्यांचा गोंगाट बराचसा आत कोंडून ठेवते, फायबरचे बॉनेट तसे करीत नाही. आपल्याकडे जीपला फायबरचे टप बसवून त्यावर एरियल लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे बरं का.

गोंगाटाचे निदान मोठे गमतीचे असते. इंजिन चालू ठेवून एरियलची पिन संचातून उपसावी. खरखर थांबली तर ती एरियलवाटे येत होती, तशीच राहिली तर ती विजेच्या तारांतून येते आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ही आल्टरनेटरची. टक्‌-टक्‌ अशी तडतड पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लगची असते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने तेथे प्लगला दोष देता येत नाही. आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राकडून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांखाली रेडिओ गुरगुरला, तर गाडी पुढे जाऊ द्यावी. तो दोष संचाचा नव्हे.

एवढे करूनही संच सुधारला नाही, तर आतले पाहावे. सतत घुमणारा आवाज बहुधा वाळलेल्या कपॅसिटरचा असतो, तो स्वस्तात बदलता येतो. कॅसेटचा पट्टा चिकट होऊन वितळला असेल, तर त्यासाठी फार खटपट करू नये असे मी म्हणेन.

नवा संच घेताना दोन धोके आहेत. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार सांगाड्याला जोडलेली असते. नव्या संचाच्या स्पीकरच्या दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग राहाव्या लागतात. एक जरी लोखंडाला टेकली तरी संच निकामी होऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन नव्या तारा ओढाव्यात. दुसरे, 1960 पूर्वीच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला असते, आणि काही जुन्या गाड्यांची बॅटरी सहाच व्होल्टची असते. तेथे आजचा बारा व्होल्टचा संच सरळ जोडणे म्हणजे तो जाळणे.

पण आपल्या भागात याहून मोठा प्रश्न लहरींचा आहे. एफ. एम. ची लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकी जाते, टेकडी आडवी आली की तुटते. मध्यमलहर दिवसासुद्धा जमिनीला धरून दूरवर पोहोचते. 1948 साली सुरू झालेल्या नागपूर केंद्राची 585 किलोहर्ट्‌झची लहर विदर्भातल्या श्रोत्यांच्या जुन्या परिचयाची आहे. पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा आलापल्लीच्या पुढे उभ्या असलेल्या जीपवाल्याला मोबाइलची रेघ मिळेलच असे नाही. त्याच्या जुन्या रेडिओत मध्यमलहर होती. ती काढून एफ. एम. आणि ब्लूटूथवाला झगमगीत संच बसवला, तर गाणी वाढली आणि पुराची बातमी मात्र गेली!

बाहेरदेशचा वापरलेला संच घेताना तर फारच जपावे. अमेरिकन संच मध्यमलहरीवर दहा-दहा किलोहर्ट्‌झच्या पायरीने चालतो. 580 वर थांबतो, मग थेट 590 वर. आपली पायरी नऊची आहे, त्यामुळे 585 त्याला नेमके सापडत नाही. काही संचांत ही पायरी बदलण्याची कळ असते, ती विचारून घ्यावी. जपानी गाड्यांच्या जुन्या संचात एफ. एम. 90 मेगाहर्ट्‌झलाच संपते, आणि आपली बहुतेक एफ. एम. केंद्रे त्याच्या वर आहेत.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला संच बॅटरीवर चालवायला सांगावा, एरियलच्या भोकात हातभर तार खोचावी आणि नागपूर लावून दाखव म्हणावे. हे दिवसा करावे. रात्री मध्यमलहर आकाशातून परतून शेकडो मैल येते, आणि बहिरा संचदेखील दूरदूरची स्टेशने ऐकवून गिऱ्हाइकाला भुलवतो.