मनःस्वास्थ्य आणि उद्यानरचना

चिंता, अनिद्रा, विषाद अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास आपण औषधयोजना सांगतो आणि शेवटी ‘रोज थोडे बागेत फिरून यावे’ असे जोडतो. बाग कशी असावी, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. वास्तविक चरकाचार्यांनी हा विषय चिकित्सेतच घेतला आहे. मदात्ययचिकित्सेत रमणीय वने, कमळांची सरोवरे आणि मन प्रसन्न करणारे सोबती यांचा एकत्र उल्लेख येतो. मनास क्षुब्ध केल्यावाचून मद्य हा व्याधी उत्पन्न करीत नाही, म्हणून हर्ष देणारी चिकित्सा इष्ट, असे कारणही तेथे दिले आहे. वृक्ष व जल यांच्या जोडीला सोबती सांगितले आहेत, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

कोल्हापुरातील टाऊन हॉल उद्यान पाहू. १८७२ ते १८७६ या काळात उभारलेल्या वास्तूभोवतीची ही बाग सी.पी.आर. रुग्णालयाच्या अगदी जवळ आहे. रात्रभर रुग्णाशेजारी जागलेल्या नातेवाइकास पाठ टेकता येईल असे सावलीतले बाक अशा ठिकाणी हवेच. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते लवकर घरी गेले. संख्या लहान आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

बाक एका रांगेत असले की शेजारी बसलेल्यांची दृष्टभेट होत नाही. काटकोनात मांडले तर संवाद सहज सुरू होतो. रंकाळ्याकाठी पाण्याकडे तोंड करून एकटे बसणेही हितकरच, तेथे हा आग्रह नको. झुडपे कमरेच्या वर वाढली की स्त्रिया त्या वाटेने जाण्याचे टाळतात. स्वच्छतागृह नसल्यास प्रमेही व वृद्ध रुग्ण बागेत येतच नाहीत आणि आपला सल्ला कागदावर राहतो. ध्वनिवर्धक, मग त्यावर भक्तिगीते का असेनात, नसावा.

वृक्षांत बकुळ, सोनचाफा, पारिजातक यांस प्राधान्य द्यावे. सप्तपर्णाचा शरदातील उग्र गंध अनेकांना सोसत नाही. तो बाकांपासून दूर असावा. वाग्भटांनी वसंतातील मध्याह्न शीतल उपवनात घालविण्यास सांगितले आहे, आणि आपल्याकडे अनेक उद्याने नेमकी दुपारी बंद असतात!

तीव्र विषाद वा आत्मघाताचे विचार असणाऱ्या रुग्णास मात्र केवळ बाग सांगून परत पाठवू नये. त्यास मनोविकारतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे. इतरांना जवळचे उद्यान केव्हा उघडते, तेथे स्वच्छतागृह आहे की नाही, हे वैद्यांनी व औषधालयांच्या मालकांनी स्वतः पाहून सांगावे. वेळ बदलण्यास खर्च फारसा येत नाही. महापालिकेस प्रथम तेवढेच सुचवावे, असे आम्हांस वाटते.